टेकोड्याची दांडी

फोटोवरून अळंबी ओळखू नये, हे मी अकरावी-बारावीच्या मुलांना बत्तीस वर्षं बजावत आले आणि निवृत्तीनंतर एका सकाळी, हातातला चहा गार होऊ नये म्हणून, स्वतःच विसरले. वर्धा जिल्ह्यात जाण्याचं कारण एवढंच. देवदर्शन नाही, नातेवाईक नाहीत, कुणाचं लग्नही नव्हतं.

झालं असं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत ज्योती नावाची एक नोकरी करणारी मुलगी भाड्यानं राहते. माहेर तिचं आर्वीच्या पुढच्या एका लहान गावात. तिनं मला एक फोटो पाठवला. सुपात पसरलेल्या लहान लहान तपकिरी टोप्या, वरून काढलेल्या. खाली लिहिलं होतं, 'काकू, आई कुरणातून आणते. खायला चालतात ना?' मी लिहिलं, 'विषारी वाटतात. खाऊ नका.' चष्मासुद्धा पुसला नव्हता. लहान तपकिरी अळंबी हा प्रकारच असा की भलेभले जाणकार हात टेकतात. शेकडो जाती, आणि सगळ्या एका आईच्या लेकी असल्यासारख्या दिसतात. अशा वेळी 'खाऊ नका' म्हटलं की आपली जबाबदारी संपली, अशी माझी समजूत होती.

संध्याकाळी ज्योती रडवेल्या चेहऱ्यानं दारात उभी. तिनं माझा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला होता. आणि मग तिनं सगळं सांगितलं. गेल्या वर्षी राखीला तिचा मामा आणि मामी तिच्या आईकडे आले होते. दुपारी याच अळंबीची भाजी झाली. तासाभरात दोघांना दरदरून घाम, तोंडाला लाळ, पोटात कळा. मामीला एक दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून मामानं बहिणीच्या घरी पाण्याचा घोटही घेतलेला नाही. आई-बाबा पाहुण्यांच्या मागून जेवणार होते, ते राहूनच गेलं; पण मामीचं म्हणणं, नणंदेनं रांधलं आणि स्वतः मात्र खाल्लं नाही. या वर्षी कुणी शिकलेल्या माणसानं 'अळंबी चांगली आहे' म्हटलं तर मामा राखीला येईल, या आशेनं ज्योतीनं मला विचारलं होतं.

माझ्या मेसेजखाली मामीनं लिहिलं होतं, 'आम्ही तं आधीच सांगत होतो.'

राखीला बारा दिवस होते. मला त्या रात्री झोप लागली नाही, हे कबूल करते. मी चुकले होते असंही नव्हतं. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले होते. हे जास्त वाईट.

सोमवार, आर्वीच्या पुढे

पुलगावला उतरून आर्वीची एसटी पकडली. रस्त्याच्या कडेनं मधूनमधून बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे रूळ दिसत होते, आणि त्यांच्यावर तरोटा इतका माजला होता की रूळ आहेत हे कुणीतरी सांगायला हवं. शेजारी बसलेल्या बाईंनी ते सांगितलं. मी कुठून आले, कुणाकडे चालले, मुलं किती, हेही त्यांनी आर्वी यायच्या आधी काढून घेतलं. पुण्याच्या बसमध्ये मी शेजारणीशी शेवटचं कधी बोलले होते, ते आठवत बसले.

ज्योतीची आई सुमनबाई थांब्यावर न्यायला आली होती. पन्नाशीची, काटक, पदर खोचलेला. बरोबर तिचा नवरा वामनराव, जो पांढऱ्या गवळाऊ गाई राखतो आणि त्यांच्याशी जेवढं बोलतो तेवढं माणसांशी बोलत नाही. मी वाटेत ठरवून ठेवलेली माफी मागायला तोंड उघडलं, तर सुमनबाई म्हणाली, "पह्यले जेवा, म्याडम. मंग काय बोलाचं ते बोला."

ज्वारीची भाकर, तरोट्याची भाजी, कढी आणि बाजूला लोण्याचा गोळा. आमच्याकडे या भाजीला टाकळा म्हणतात आणि नाक मुरडत खातात. इथं लसणावर परतलेली ती भाजी मी तीनदा घेतली. जेवण झाल्यावर मी म्हणाले, "मी न बघता बोलले. त्याचं मला वाईट वाटतं."

"तुमी तं दूर होत्या," ती म्हणाली. "ज्याइनं पाह्यलं ते काय बोलून राह्यले मंग?"

मी माझं ताट उचलून मोरीकडे नेलं.

मंगळवार, कुरणात

कुरण गावापासून अर्ध्या तासावर. गुडघाभर गवत, मधेमधे गाईंनी खुडून आखूड केलेले गालिचे, आणि दोन दिवस पाऊस उघडलेला. मी कॅनव्हासचे बूट, पिशवी, भिंग, कागदी पाकिटं अशा सरंजामानं निघाले आणि पहिल्या दहा मिनिटांत ताज्या शेणावरून घसरून बसले. वामनरावांनी मला उठवलं नाही. त्यांनी आधी आजूबाजूच्या गाईंकडे पाहिलं, त्या बिथरल्या नाहीत याची खात्री केली आणि मग हात दिला.

"लागलं का?" त्यांनी विचारलं. त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

या भागात अळंबीला टेकोडे म्हणतात. ते आखूड गवतात अर्धगोलात उगवले होते, कुणी अर्धवट रिंगण आखून सोडून दिल्यासारखे. रुपयाएवढ्या टोप्या, मधे किंचित उंचवटा, रंग फिकट चहाचा. मी भिंग काढून गुडघ्यावर बसले आणि माझं नेहमीचं सुरू केलं: टोपीखालच्या पट्ट्या दाट की विरळ, वास कसा, दांडीवर कडं आहे का.

सुमनबाईनं यातलं काहीच केलं नाही. तिनं एक टेकोडा बुडापासून अलगद उपटला, टोपी दोन बोटांत धरली आणि दांडी करंगळीभोवती गुंडाळली. दांडी दोऱ्यासारखी वळली, तुटली नाही. तो टेकोडा टोपलीत गेला. मग दुसरा. मग तिसरा. हात इतका सराईत की वेणी घालताना बाईचा असतो तसा.

"हे काय?" मी विचारलं.

"आईनं शिकोलं, याच कुरणात. माहं माहेर बी इथलंच. आमाले, दोघा बहीनभावाले. दांडी बोटाले गुंडाळाची. वळली तं घराले आनाची, तुटली तं तथीच फेकाची. दांडीबगर टेकोडा घरात आनाचा नाई."

मी माझ्या पिशवीतलं जाडजूड टिपण उघडून पाहिलं. गवतात रिंगण करणाऱ्या एका कुळाच्या वर्णनात मीच कधीतरी लिहून ठेवलं होतं: दांडी चिवट, पिळली तरी तुटत नाही. इथं लगेच सांगून टाकते, ही परीक्षा त्या एका कुरणापुरती आणि त्या एका घरापुरती आहे. चिवट दांडीची विषारी अळंबीही जगात असते. कुणी हे वाचून आपल्या मैदानात दांड्या वळवून पाहू नयेत. पण त्या बाईनं चाळीस वर्षं त्या गवतात जे पाहिलं होतं ते माझ्या टिपणात एका ओळीत होतं, आणि तिच्या लेकीला मात्र फोटो पाठवून विचारावं लागलं होतं मला. मला स्वतःचीच शरम वाटली.

मग मी तो प्रश्न विचारला, जो पुण्यातच विचारायला हवा होता. "गेल्या वर्षी राखीला आणलेल्या टेकोड्यांच्या दांड्या वळल्या होत्या?"

तिनं हातातला टेकोडा टोपलीत टाकला. "त्या दिवशी म्या नाई तोडले. घरी पुरनाचं चाललं होतं. दुसऱ्यानं आनून देले, रुमालात बांधून. नुसत्या टोप्या. दांड्या चामट लागते म्हनून तथीच तोडून टाकल्या होत्या."

"मग तुम्ही रांधल्या कशाला?"

"आननाऱ्यानं हौसेनं आनले, म्याडम. नाई कसं म्हनाव?"

"कुणी आणले?"

"आनले कोनी तरी," ती म्हणाली आणि टोपली उचलली. "ते तुमी कोनाले विचारू नका आन सांगू बी नका. मी रांधले. भाजी माहीच होती. तुमी फक्त एवढं पाहा, कुरणात दुसरं काई उगवते का."

माझा अंदाज लगेच बांधून झाला: भावजयीनं आणले असणार, आणि आता आळ नणंदेवर ढकलून मोकळी. अंदाज बांधण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

शोधायला सगळी सकाळ गेली. कुरणाच्या उगवतीला निलगिरीची एक रांग आहे, ज्योतीच्या जन्माच्या सुमारास लावलेली. सुमनबाईच्या आईच्या वेळी तिथं नुसतं गवत होतं. रिंगणाचं एक टोक त्या झाडांच्या सावलीपर्यंत पोचलेलं, आणि तिथं आणखी तपकिरी टोप्या होत्या. वरून पाहिल्या तर त्याच. जवळून पाहिलं तर टोपी रेशमी धाग्यांची, कडेला चिरत गेलेली. एक उपटून मी सुमनबाईच्या हातात दिला. तिनं दांडी करंगळीला लावली आणि ती कटकन मोडली.

तिनं ते दोन तुकडे पुन्हा जुळवून पाहिले. मग म्हणाली, "इकडे आमी येतच नाई. इथी गाई बसत नाई ना, वास येते पानाचा."

बुधवार आणि गुरुवार, चार पेले

डोळ्यांना सारखी दिसणारी अळंबी ओळखायची एक घरगुती युक्ती आहे. टोपी कापून कागदावर पालथी ठेवायची आणि वर भांडं झाकायचं. दहा-बारा तासांत तिच्यातून बारीक धूळ गळते, तेच तिचं बी, आणि त्या धुळीचा रंग कागदावर उमटतो. मी अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद पुण्याहून चिकटवून आणला होता. गवतातल्या दोन टोप्या आणि निलगिरीखालच्या दोन अशा मांडल्या, वर स्टीलचे चार पेले उपडे घातले आणि मंगळवारी रात्रीच ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

बुधवारी पहाटे वामनराव उठले, चहा केला, पेला हवा होता, पेला घेतला. मग गाईंकडे जाताना पाणी प्यायला दुसरा घेतला. मी उठले तेव्हा निलगिरीखालच्या दोन्ही टोप्या उघड्यावर सुकून बटणं झाल्या होत्या आणि कागदावर काही नव्हतं.

"पेले कोन उपडे ठेवते बिनकामाचे," एवढंच ते म्हणाले. मी त्यांच्यावर चिडले, मग मी त्यांच्या घरात पाहुणी आहे हे आठवलं, मग एकटीच कुरणात जाऊन नव्या टोप्या घेऊन आले. या खेपेस घसरले नाही. पेल्यांऐवजी सुमनबाईनं वाट्या दिल्या आणि नवऱ्याला बजावलं, "या वाट्याले हात नका लावजा."

त्या रिकाम्या दिवशी तिनं वडाभात केला. भातात डाळीचे वडे कुस्करून वर हिंगाचं गरम तेल. आमच्या घरात एवढं तेल आठवडाभर पुरतं. मी दोनदा घेतलं आणि दुपारी झोपले. सुमनबाई बाजूला बसून राखीसाठी रेशीम गुंडाळत होती. राखी दरवर्षी घरीच करते, गेल्या वर्षीचीही तिनं दाखवली. ती बांधून व्हायच्या आतच भावाला घाम फुटला होता, म्हणून ती तशीच डब्यात राहिली.

गुरुवारी सकाळी वाट्या उचलल्या. गवतातल्या टोप्यांखाली पिठासारखा पांढरा ठसा, काळ्या अर्ध्यावर ठळक. निलगिरीखालच्यांचा ठसा मातकट तपकिरी, पांढऱ्या अर्ध्यावर. इतकं स्पष्ट की वामनरावसुद्धा दोनदा वाकून पाहून गेले.

"मंग?" सुमनबाईनं विचारलं.

"कुरणात दोन टेकोडे उगवतात. वेगवेगळे. हा तपकिरी ठशाचा ज्या कुळातला दिसतो, त्यानं असाच घाम आणि लाळ सुटते. जात मी छातीठोक सांगू शकत नाही."

"आन माहा?"

मला फार वाटलं की 'तुमचा चांगला' म्हणावं. तिच्या तोंडाकडे पाहून कुणालाही तेच वाटलं असतं. पण एकदा न पाहता बोलून मी पुरेशी शोभा करून घेतली होती. "तुमचा खाण्यातल्या कुळाचा वाटतो. पण खा असं मी म्हणणार नाही. आणि निदान या राखीला तरी टेकोडे करू नका."

तिनं मान डोलावली. "नाई करत," ती म्हणाली. "पन कागद माह्या भावाले, गजूले दाखवा. तुमची गाडी पुलगाववरूनच हाय. आन कोनं आनले ते नका काढजा."

शुक्रवार, नाचणगाव

गजानन, म्हणजे ज्योतीचा मामा, याचं नाचणगावात किराण्याचं दुकान आहे. पुलगावहून ऑटोनं गेले. दुकान नीटनेटकं, डब्यांवर चिठ्ठ्या, उदबत्तीचा वास. तो काट्यावर तूरडाळ तोलत होता आणि मागच्या दारात त्याची बायको संगीता शेंगा सोलत बसली होती. मी नाव सांगितलं तसे दोघंही सावध झाले. तरी चहा आलाच. नको म्हटलं तरी आला.

मी कागद काउंटरवर पसरला आणि आधी माझंच सांगितलं. "मी तो मेसेज फोटो बघून लिहिला होता. फोटोत नुसत्या टोप्या होत्या. ज्यावरून ओळखायचं ते मी पाहिलंच नाही आणि निकाल देऊन मोकळी झाले. चूक माझी." मग पांढरा ठसा दाखवला, तपकिरी दाखवला, निलगिरीची रांग सांगितली. भाजीत ह्या दुसऱ्या मिसळल्या असाव्यात, एवढंच म्हणाले. कुणी आणल्या, हा विषय काढला नाही. संगीताकडे मात्र एकदा रोखून पाहिलं. तेही मी कबूल करते.

संगीता म्हणाली, "म्हंजे नणंदबाईनं न पाहता रांधले, असंच ना?"

गजाननचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो तपकिरी ठशावर वाकला होता आणि बोट न लावता त्याच्याभोवती बोट फिरवत होता. मग त्यानं खालमानेनंच विचारलं, "याची दांडी तुटते का, म्याडम?"

"कटकन," मी म्हणाले आणि मग मला कळलं की हा प्रश्न त्यालाच सुचू शकतो ज्याला दांडीची परीक्षा ठाऊक आहे. आईनं दोघांना शिकवलं होतं. संगीताला ती माहीतही नव्हती. माझा अंदाज पुन्हा एकदा तोंडावर आपटला.

त्यानं काट्यातली डाळ परत पोत्यात ओतली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. "म्याच आनले होते," तो म्हणाला. मला नाही, मागे वळून बायकोला. "राखीच्या दिवशी सकाळी, तू यायच्या आधी, कुरणात गेलतो. निलगिरीकडून. दांड्या म्याच तोडून फेकल्या. तुले दातात अडकते म्हनून. बहीनबाई म्हनली बी, गजू, दांड्या कुठी हाय? म्या म्हटलं, मले का ओळखू येत नाई का?"

संगीताच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मंग सालभर सांगतलं काऊन नाई?"

"तुले दवाखान्यात पाह्यलं आन जीभच उचलली नाई. मंग तू बाईचं नाव घेतलं. मंग मांगं येनं जमलं नाई."

म्हणजे तो बहिणीकडे जेवत नव्हता ते तिच्या हाताच्या भीतीनं नव्हे. तिच्यासमोर बसायचं तोंड नव्हतं. आणि तिनं वर्षभर शेजारापाजारात, नात्यात आळ अंगावर घेतला, एकदाही त्याचं नाव काढलं नाही, मलासुद्धा सांगितलं नाही. मी चहा संपवला. माझं तिथं आता काही काम नव्हतं.

निघताना त्यानं कागद मागितला. मी दिला. संगीता आतून पुरणपोळीएवढ्या रुंद डब्यात शेंगा भरून घेऊन आली आणि तो डबा माझ्या पिशवीत ठेवला.

पुण्याला परतल्यावर

राखीच्या दिवशी दुपारी ज्योतीनं फोटो दाखवला. ओळखीची ओसरी, पाटावर गजानन, मनगटावर घरची रेशमी राखी, शेजारी संगीता, समोर वाढलेली ताटं. "मामा आला, काकू," ती म्हणाली.

फोटोत वाढलेलं दिसत होतं. जेवलेलं दिसत नव्हतं. मी आता शिकले होते, म्हणून फोनच लावला. "जेवला का तो?"

"जेवला," सुमनबाई म्हणाली. "भात दोन बार घेतला. वयनीबी जेवली."

"टेकोडे तर नाही ना केले?"

"नाई, म्याडम. तुमी नको म्हटलं ना. पाटवडी केली." मागे भांड्यांचा आणि कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. "पन सकाळी यिऊन तो आधी कुरणात गेलता. एकटाच. रुमालभर आनून माह्या पुढे ठेवले."

"मग तुम्ही काय केलं?"

"पाह्यलं," ती म्हणाली. "दांड्यासकट होते."